काठाशिवाय चार तिकिटं

कुवेतच्या रिग्गई भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, वासंती घरत कशी आहे? "देवमाणूस," असंच म्हणतील. शेजारची जवेरिया बाळंत झाली, तेव्हा तिच्या आईला व्हिसा मिळेपर्यंत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं हिच्या घरून. मंडळाच्या गणपतीत सारण गोड झालंय की नाही ते हिने चाखल्याशिवाय मोदक वळायला घेत नाहीत. कुणाशी भांडण नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता अशा देवमाणसाच्या हातूनही कधी असं काही घडतं की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. तेच सांगायचंय.

वासंती सरकारी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्निशियन. वीसेक वर्षं झाली तिला कुवेतला येऊन. नवरा सुधीर एका कंपनीत अकाउंट्स बघतो, आणि मुलगी क्षितिजा इथलीच, आईने मराठीत विचारावं आणि हिने इंग्रजीत उत्तर द्यावं अशातली. वासंतीच्या कामात रक्ताची पिशवी आणि पिशवीवरचं लेबल ही जोडी फुटली की खेळ खलास. रक्त कितीही ताजं असो, कितीही दुर्मीळ गटाचं असो, लेबल सुटलं की ते कुणाच्या अंगात जाणार नाही, सरळ टाकून द्यायचं. नवीन आलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावते, "हे बघा पोरींनो, नाव गेलं की रक्त गेलं." हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

घरी मात्र बाईंना एकच नाद, पोस्टाच्या तिकिटांचा. शुक्रवारी जेवणं आटोपली की डायनिंग टेबलावर अल्बम, चिमटा, भिंग असा पसारा मांडायचा. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, पंखा बंद ठेवायचा आणि कुणी मोठ्याने शिंकायचंही नाही. "बसल्या बाई भातुकली मांडून," असं म्हणत सुधीर आतल्या खोलीत जाऊन ताणून देई.

हा नाद अलिबागचा. वासंतीचं माहेर इस्राएल आळीच्या अगदी तोंडाशी. आळीत राहायचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. तळकर, किहीमकर, चेऊलकर अशी आडनावं, नऊवारीतल्या आज्या, नारळाच्या दुधातली आमटी. पूर्वी ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव देऊन टाकलेलं. त्या आळीतली सेगुला तळकर ही वासंतीची पहिलीपासूनची मैत्रीण. सेगुलाचे काका इस्रायलला गेलेले. त्यांची पत्रं आली की दोघी पाकिटाचा कोपरा कापून परातीतल्या पाण्यात सोडायच्या, तिकीट सुटून वर आलं की रद्दीवर वाळत घालायच्या. जोडी आली तर दोघींना एकेक, आणि एकच आलं तर सेगुला म्हणायची, "ने गो तूच, माझ्याकडे परत येईल." एखादं फाटलं तर मागून पातळ कागद आणि पिठाची खळ लावून ती असं जोडायची की भिंगाशिवाय कळू नये.

पुढे आळी रिकामी होत गेली. काकांमागोमाग सेगुलाचे भाऊ गेले, शेजारपाजार गेला. सेगुला राहिली. शाळेत मास्तरकी केली, आईबापांचं केलं, लग्न काही झालं नाही. वासंती दर जूनला सुट्टीवर यायची तेव्हा सेगुला तिच्यासाठी चिकाचा हलवा करायची. तो खरा त्यांच्या नव्याच्या सणाचा, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाचा, पावसाळा संपता संपता करायचा. पण वासंती येणार म्हटलं की ही बाई जूनमध्येच गहू भिजत घालून चीक काढायला बसणार. मग तो हलवा एका स्टीलच्या डब्यात भरून कुवेतला जायचा, आणि पुढच्या जूनला तोच डबा कुवेतचा खजूर भरून आळीत परत यायचा. डबा सेगुलाच्या आईच्या वेळचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात तसं त्यावर झाकणाखाली टोचून घातलेलं होतं : तळकर, इस्राएल आळी, अलिबाग.

कुवेतला हा डबा कपाटात अगदी मागे असायचा. नाव भिंतीकडे.

कुणी तसं सांगितलं होतं का? छे. पण इथे पाऊल ठेवल्यापासून सुधीरने कानीकपाळी ओरडून ठेवलेलं, "बाई गं, इस्रायल हा शब्द इथे तोंडातून काढायचा नाही. आपण पोटासाठी आलोय." झालं! वासंतीने ते असं मनाला लावून घेतलं की माहेर कुठलं असं कुणी विचारलं तरी "अलिबाग, बाजारपेठेजवळ" असं उत्तर. आळीच्या तोंडाशी लहानाची मोठी झालेली बाई, आळीचं नाव गिळून बसली. आणि एकदा गिळायची सवय लागली की माणसाला त्याचं काही वाटेनासं होतं.

अशाच एका खेपेला सेगुलाने तिच्या हातात एक पातळ पाकीट ठेवलं. आत तिकिटांचं शीट होतं, सिएरा लिओनचं, २०११ सालचं. आफ्रिकेतल्या तीन देशांनी मिळून काढलेल्या मालिकेतलं ते एक. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं वर्णद्वेषी राज्य होतं तेव्हा काळ्यांच्या बाजूने उभे राहिलेले काही ज्यू होते, त्यांच्या स्मरणार्थ ती मालिका. ह्या शीटवर चौघांचे चेहरे. आणि भोवतीच्या रुंद काठावर छापलेलं, की आफ्रिकन बांधवांच्या मुक्तीसाठी ज्यूंनी जो त्याग केला त्याची ही आठवण.

"मुंबईच्या डीलरकडून मिळवलं," सेगुला म्हणाली. "तुमच्याकडे प्रदर्शन होणारे म्हणालीस ना? तिथे लाव. दुसऱ्याच्या भांडणात आपली मान देणारे आमच्यातही होते, एवढं चार लोकांना दिसू दे. झालं की जूनमध्ये परत आण. मला ते आईच्या फोटोशेजारी लावायचंय."

"अगो, लावते की. त्यात काय?" वासंती म्हणाली. अलिबागच्या ओटीवर बसून शूर व्हायला काय जातं?

प्रदर्शन फेब्रुवारीत होतं. कुवेतच्या दस्मान भागातल्या एका हॉलमध्ये भारतीय छंदप्रेमी मंडळींनी भरवलेलं. कुणाची नाणी, कुणाच्या काड्यापेट्या, वासंतीची तिकिटं. जुळवाजुळव करणारा परीक्षित हा बँकेतला उत्साही मुलगा. त्याने सगळ्यांनाच फोन करून विचारलं तसं हिलाही विचारलं, "ताई, वादाचं काही नाही ना? कुवेती पाहुणे येणार आहेत." एवढंच. पुढे तो चहाच्या कपांबद्दल बोलत राहिला, पण वासंतीच्या डोक्यात 'वादाचं' हा एकच शब्द अडकून बसला.

दिवसही तसे होते. गाझाच्या बातम्यांनी सगळ्यांचीच मनं पोळलेली. ब्लड बँकेतला नौमान जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर मेलेल्या लेकरांचे फोटो बघायचा आणि डबा न उघडताच पुन्हा पिशवीत टाकायचा. त्याचं दुःख खोटं नव्हतं, आणि वासंतीलाही ते बघवत नव्हतं. आता ह्या चौघांचा त्या बॉम्बशी काय संबंध? काहीच नाही. हे तिलाही कळत होतं. पण काठावरचा तो एक शब्द तिला ढणढणत्या दिव्यासारखा दिसायला लागला.

सुधीर म्हणाला, "लावूच नको ना मग. घरात ठेव."

"शब्द दिलाय मी सेगुलाला."

"मग लाव."

"आणि कुणी वाचलं तर?"

"तर मला विचारू नको," असं म्हणून सुधीर नेहमीप्रमाणे आत जाऊन झोपला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी बाईंनी शक्कल काढली. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर टेबलावर शीट ठेवलं, स्टीलची पट्टी धरली, आणि धारदार कात्रीने चारी बाजूंचा काठ कापून काढला. चार चेहरे राहिले, काठ गेला. आता वाचायला काही नाही. शीट लावलं असं सेगुलाला सांगता येईल आणि इथे कुणाच्या डोळ्यांवर येणारही नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये!

ज्यांना हा नाद नाही त्यांना वाटेल, काठच तो, कापला तर कापला. पण तिकिटं जमवणाऱ्यांत शीटचा काठ कापणं म्हणजे पैठणीचा पदर फाडून फडकं करणं. परातीतलं तिकीट उपडं पडलं तरी हळहळणारी ही बाई, पण त्या दिवशी तिने कात्री थांबवली नाही. क्षितिजा पाणी प्यायला आली होती, ती तेवढी थबकली. "आई, व्हाय आर यू कटिंग इट? तो सेगुलामावशीचा आहे ना?"

मुलीने चुकून अर्धं वाक्य मराठीत विचारलं. "अभ्यास कर जा," ती म्हणाली.

आता उरल्या त्या कापलेल्या पट्ट्या. घरच्या केरात टाकायला जीव धजेना. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, केर खाली नेतो, त्याने पाहिलं तर? अहो, तो बिचारा बंगाली, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं! पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तिने पट्ट्या रुमालात गुंडाळल्या, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर नेल्या, आणि ब्लड बँकेतल्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. त्या पिशवीत कुणी हात घालत नाही. दूषित रक्त, वापरलेल्या नळ्या, संसर्गाचा सगळा कचरा त्यात जातो आणि पुढे भट्टीत जळतो. टाकलं, हात धुतले, सुटकेचा निःश्वास सोडला. काय टाकलं आणि कशात टाकलं, हे त्या क्षणी तिच्या मनालाही शिवलं नाही.

प्रदर्शन झालं. कुवेती पाहुणे आले, गांधीजींच्या तिकिटांपुढे थांबले, छान छान म्हणाले, चहा-समोसे घेऊन गेले. सिएरा लिओनच्या चौघांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वासंतीने खाली सुबक अक्षरात लिहिलेलं : 'आफ्रिकेचे वीर'.

थांबली ती एकटी शरीफा. तिच्याच हॉस्पिटलमधली सिनियर नर्स, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनकडची, डोक्याला नेहमी नीट बांधलेला स्कार्फ. वासंतीने बोलावलं म्हणून आलेली. त्या चौघांपुढे आली आणि तोंडावर हात घेऊन उभीच राहिली.

मग एका बाईच्या चेहऱ्याकडे बोट करून म्हणाली, "रे अलेक्झांडर ना ही? वासंती, ही तुझ्याकडे कशी?"

शरीफाची आजी म्हणे फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर पीच सोलून हाताची सालं निघायची. त्या बायकांची युनियन ह्या बाईंनी उभी केली. आजीच्या स्वयंपाकघरात मक्केच्या फोटोखाली ह्यांचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापलेला. शरीफाने भराभरा मोबाइलवर फोटो काढले, मग खालची ओळ वाचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ज्यू होत्या हे का नाही लिहिलंस? आजी आम्हाला ते विसरू द्यायची नाही. म्हणायची, तिचा रंग आपला नव्हता, धर्म आपला नव्हता, तरी आली. पूर्ण नाव घ्या, अर्धं नाव घेतलं तर उपकारही अर्धेच फिटतात."

"जागा नव्हती गं," वासंती म्हणाली.

चार तिकिटांभोवती काळा पुठ्ठा चांगला वीतभर मोकळा पडला होता. शरीफाने त्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग वासंतीकडे पाहिलं. वासंतीच्या दंडावर हलकेच थोपटून ती पुढे काड्यापेट्या बघायला गेली. जिच्यासारख्यांच्या नजरेला भिऊन काठ कापला, तीच ह्या सगळ्या हॉलमध्ये तो शब्द शोधत आली होती! वासंतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. संध्याकाळपर्यंत ती आपल्या टेबलामागे बसून राहिली, आणि तेव्हाच कधीतरी तिला ती पिवळी पिशवी आठवली. वीस वर्षं पोरींना लेबलाचे धडे देणारी आपण, आणि आपल्या हाताने लेबल फाडून रोग्यांच्या घाणीत टाकून आलो.

अलिबागहून सेगुलाचा मेसेज आलेलाच होता, 'फोटो पाठव गो.' वासंतीने लांबून काढलेला एक पाठवला. 'जवळून पाठव.' ती सेगुला, तिला थोडंच फसवता येणार होतं? दोन दिवस टाळाटाळ करून अखेर जवळचा पाठवला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. संध्याकाळी एकच शब्द आला, 'पोचला.'

त्यानंतर जूनपर्यंत दोघींचं बोलणं हवापाण्यावर चाललं. पावसाचं काय, उन्हाचं काय, क्षितिजाची परीक्षा कशी गेली. वासंतीने तेवढ्यात नवं शीट विकत घ्यायचाही विचार केला. इंटरनेटवर मिळत होतं. पण ते नेऊन सेगुलापुढे ठेवायचं म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर. तेवढी लाज तिच्यात शिल्लक होती.

जूनमध्ये ती आळीत गेली. स्टीलच्या डब्यात खजूर, पाकिटात काठ नसलेली चार तिकिटं. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या त्या नळीला, हात लावून सेगुला हसत म्हणाली, "ये गो वासंते, बारीक झालीस." आत टेबलावर सगळी तयारी मांडलेली होती. वाटीत पिठाची खळ, चिमटा, बारीक ब्रश, पातळ पांढऱ्या कागदाच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या. भिंतीवर आईच्या फोटोशेजारी खिळाही ठोकून ठेवलेला.

सेगुलाने पाकीट उघडलं. कापलेल्या कडेवरून भिंग फिरवलं. "सरळ कापलंयस," ती म्हणाली. "बरं झालं. सरळ कापलेलं छान जुळतं. काढ बघू पट्ट्या, जोडून टाकू. लहानपणी नाही का जोडायचो?"

वासंतीने पर्स उगाच उघडून बंद केली.

"आणल्यास ना?"

"टाकल्या गं."

"कुठे टाकल्यास?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता. हरवल्या म्हणाली असती तरी चाललं असतं. पण खळीच्या वाटीकडे पाहून तिचा धीर सुटला. "हॉस्पिटलात. पिवळ्या पिशवीत. जाळायच्या कचऱ्यात."

"कसला कचरा तो?"

"रोग्यांचा," वासंती म्हणाली, आणि तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. "घाण रक्ताचा. मी घाबरले गं सेगुला. कुणी काही म्हणालंही नव्हतं. मीच घाबरले. तू शिव्या घाल मला, भांड माझ्याशी."

सेगुला उठली. खळीच्या वाटीवर झाकण ठेवलं, ब्रश धुऊन आणला. मग वासंतीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भांडू कशाला गो? तिकिटावरच्या माणसांना जे जमलं ते सगळ्यांनाच जमलं असतं, तर त्यांची तिकिटं कुणी काढली असती? तुला तिथे राहायचंय, लेकीचं शिक्षण करायचंय. मला कळतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वासंतीला जरा हलकं वाटलं असतं.

दोघींनी चहा घेतला. शाळेतल्या जुन्या बाईंची आठवण निघाली, थोडं हसणंही झालं. निघताना सेगुला नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली. वासंतीला बरं वाटलं, हलवा केलाय म्हणजे गाडी रुळावर आली. खजुराचा डबा रिकामा करून घासल्याचा आवाज आला. सेगुला बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकचा डबा होता, बाजारात मिळतो तसला, नवाकोरा, निळ्या झाकणाचा.

"स्टीलचा?" वासंतीने विचारलं.

"तो राहू दे इथेच." सेगुलाने डबा तिच्या हातात ठेवला आणि झाकण घट्ट बसलंय ना, ते दाबून पाहिलं. "ह्याच्यावर काही नाव नाही. तुला कुणी काही विचारायला नको."

ती अगदी मनापासून म्हणाली. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नव्हता.

हलवा केव्हाच संपला. रिग्गईच्या घरात तो डबा आता ओट्यावर समोरच असतो, वासंती त्यात साखर ठेवते. तो भिंतीकडे वळवायची गरज पडत नाही, लपवण्याजोगं त्याच्यावर काही नाहीच.